चुलीवाचून तिळगूळ

वाचकहो, संक्रांत जवळ आली, की घरोघर तीळ भाजल्याचा वास सुटतो. तिळाचे लाडू बहुधा गुळाचा पाक करून वळतात. पाक फार कडक तापतो. बोटाला चिकटला, तर फोडच येतो. म्हणून आपण मुलांना चुलीपासून लांब हाकलतो. पण पाक न करताही तिळगूळ होतो. तो कसा करायचा, आणि आमच्या गावात तो कोणी केला, ते आज वाचू या.

आमच्या गावच्या शाळेत अशी चार मुले आहेत, की त्यांची समज वयाच्या मानाने हळू वाढते. अशा मुलाला लोक 'खुळा', 'येडा' म्हणतात आणि मोकळे होतात. दुसऱ्यांना कशाला बोल लावू? मी हेडमास्तर असताना एक शेतकरी असाच मुलगा घेऊन आला होता. मी त्याला म्हणालो, "अरे, याला शाळेत आणून काय उपयोग? घरीच सांभाळ." बिचारा मुलाचा हात धरून मुकाट्याने परत गेला. ती चूक मला आजही खुपते.

पुढे २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. ज्या मुलाचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे असा दाखला आहे, त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत जायचे, की खास शाळेत, हे त्याने व त्याच्या घरच्यांनी ठरवायचे. तेव्हा 'काय उपयोग?' असे विचारायची आता सोय नाही.

या चार मुलांना शिकवायला एक बाई येतात. गेल्या संक्रांतीला त्या म्हणाल्या, "गुरुजी, यंदा तिळगूळ मुलांनीच करायचा." मी म्हणालो, "बाई, मी मदतीला येतो."

आम्ही घेतलेले जिन्नस असे :
तीळ २ वाट्या, किसलेला मऊ गूळ दीड वाटी, दाण्याचे कूट १ वाटी, किसलेले सुके खोबरे अर्धी वाटी, थोडी वेलचीपूड आणि २ चमचे तूप.

गूळ साधा, मऊ घ्यावा. चिक्कीचा गूळ नको. तीळ आणि शेंगदाणे बाईंनी घरूनच भाजून, गार करून आणले होते. म्हणून वर्गात विस्तवाचे कामच उरले नाही.

आधी सगळ्यांनी साबणाने हात धुतले. मग कामे वाटून दिली. एकाने वाटीने तीळ मोजले. दुसऱ्याने गूळ किसला. तिसऱ्याने खलबत्त्यात तीळ जाडसर कुटले. कुटल्यावर तिळाचे तेल सुटते. त्या तेलाने आणि गुळाने लाडू धरतो. म्हणून कुटायचा कंटाळा करू नये. मग परातीत सगळे एकत्र करून चांगले मळले.

लाडू वळायचे काम एका मुलीकडे होते. वय बारा. बोलणे फार थोडे. हात थरथरतात. तिचा बाप दारात उभा होता. तो म्हणाला, "बाई, त्या येडीला नका देऊ. समदं सांडून ठेवील."

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक लाडू जवळजवळ पुरा वळला आणि मुलीच्या हातावर ठेवला. तिने फक्त शेवटचा हात फिरवला आणि लाडू ताटात ठेवला. दुसरा लाडू बाईंनी अर्धाच वळला. बाकीचा तिने वळला. असे करत करत शेवटी नुसता गोळा तिच्या हातात दिला. तिने तो स्वतः दाबला, वळला आणि ताटात ठेवला! लाडू थोडा वाकडा झाला. पण झाला.

मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले, पण ही रीत मला ठाऊक नव्हती. शेवटची पायरी आधी शिकवायची. त्यामुळे काम मुलाच्या हातून पुरे होते. पुरे झाले, की हुरूप येतो. मग एकेक पायरी मागे जायचे. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. आधी करून दाखवायची. मग गप्प राहून वाट पाहायची. घाई झाली, तरी त्याच्या हातातले काम ओढून घ्यायचे नाही.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्या. अख्खे शेंगदाणे लहान मुलांना देऊ नयेत. ते घशात अडकतात. ज्या मुलाला चावायला, गिळायला त्रास होतो, त्याला काय आणि कसे द्यावे, हे आधी डॉक्टरांना विचारावे. खाताना मुलाला ताठ बसवावे. कोणाला तीळ किंवा शेंगदाणे बाधतात का, हे घरच्यांना विचारून घ्यावे.

लाडू झाल्यावर बाईंनी मुलीच्या हातात ताट दिले. ती सरळ दाराकडे गेली. तिने आपला वाकडा लाडू उचलून बापापुढे धरला आणि म्हणाली, "गोड... बोला."

बापाने लाडू घेतला. बराच वेळ तो हातातच धरून उभा होता. मग खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरात हिला नावानं कोणी हाक मारीत नाही. मीसुद्धा नाही."

मी म्हणालो, "मग आजपासून मार. तिने तिळगूळ दिला आहे. तो खाल्लास, तर गोड बोलावे लागेल."

त्याने लाडू खाल्ला. आता तो तिला रोज शाळेत सोडायला येतो. फाटकापाशी नावाने हाक मारून निरोप देतो.

वाचकहो, तुमच्या घरी, शेजारी असे मूल असेल. या संक्रांतीला त्याच्या हातून एक तरी लाडू वळून घ्या. आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा.

प्रश्न
१. तीळ जाडसर का कुटायचे?
२. बाईंनी शेवटची पायरी आधी का शिकवली?
३. तुमच्या ओळखीत असे मूल आहे का? त्याला घरातले कोणते काम शिकवाल? त्या कामाच्या पायऱ्या पाटीवर लिहा.