सूचनालेखन: एक कृती, एक क्रियापद

१९८९ साली सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदराच्या परिसरातील मालवाहतूक कचेऱ्यांत ग्राहकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक संगणकावर नोंदवलेले असतात. या नोंदी दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका आपण लिहीत आहात, असे समजा. ‘जुनी नोंद काढा’ ही सूचना तेथे संदिग्ध ठरते. सातबारा काढणे म्हणजे उतारा मिळवणे. यादीतून नाव काढणे म्हणजे वगळणे. त्यामुळे एक कर्मचारी नोंद उघडील, दुसरा ती पुसून टाकील. क्रमांक पुसला गेल्यास कंटेनर उतरल्याचा निरोप ग्राहकाला मिळत नाही आणि विलंबशुल्क वाढत जाते. म्हणून ‘उघडा’, ‘बदला’, ‘पुसा’ असे प्रत्येक कृतीस एकच क्रियापद योजावे व ते पुस्तिकाभर कायम ठेवावे.

स्वाध्याय: ‘क्रमांक टाका’ या सूचनेचे दोन अर्थ सांगून ती असंदिग्ध करा.