अपशब्दांचा अर्थ

‘फुटबॉल खेळणारा’ असे कोणी म्हटले, तर आज त्यात कोणालाही अपमान वाटणार नाही. परंतु इंग्रज नाटककार शेक्सपिअर याने १६०५-०६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘किंग लिअर’ या शोकांतिकेत हेच शब्द शिवीसारखे आले आहेत. असे का बरे?

लिअर हा वृद्ध राजा. गोड बोलणाऱ्या दोन थोरल्या मुलींना त्याने सारे राज्य वाटून दिले आणि खुशामत न करणाऱ्या धाकट्या कॉर्डीलियाला दूर लोटले. तिची बाजू घेणाऱ्या केंट या स्पष्टवक्त्या सरदारालाही त्याने हद्दपार केले. तरीही केंट वेषांतर करून धन्याच्या सेवेस परत आला.

थोरल्या मुलीकडे राहत असता राजाने तिच्या कारभाऱ्याला, ऑस्वल्डला, आपण कोण आहोत असे विचारले. आपण माझ्या मालकिणीचे वडील आहात, असे त्याने सांगितले. या उत्तरात एकही वाईट शब्द नाही; पण लिअरचे राजेपण त्यात पार पुसले गेले आहे. संतापलेल्या राजाने त्याला मारले. केंटने त्याला पाय घालून पाडले आणि हलका फुटबॉल खेळणारा म्हणून हिणवले.

त्या काळी फुटबॉल हा सामान्य लोकांचा, रस्त्यांत चालणारा धसमुसळा खेळ होता. १३१४ मध्ये लंडनच्या महापौराने राजाच्या नावाने त्यावर बंदीही घातली होती. खेळाचे सुसूत्र नियम इंग्लंडमध्ये १८६३ साली ठरले. म्हणूनच घराण्याचा तोरा मिरविणाऱ्या कारभाऱ्याला ते शब्द झोंबले.

याच नाटकातील विदूषक तर प्रत्यक्ष राजालाच मूर्ख ठरवितो. पण वादळी रात्री तो राजाची सोबत सोडीत नाही. गोड बोलणाऱ्या मुली मात्र दार लावून घेतात.

शब्द कठोर आहे की मृदू, एवढ्यावरून त्याचा अर्थ ठरत नाही. तो कोणी, कोणाला, कोणत्या काळी आणि कोणत्या हेतूने उच्चारला, हे पाहावे लागते. लिअरला हे उमगले खरे. पण कॉर्डीलियाचे प्राण वाचविण्यास तोवर फार उशीर झाला होता.

स्वाध्याय

१. ऑस्वल्डच्या साध्या उत्तराने राजाचा अपमान का झाला?
२. केंटचे शब्द ऑस्वल्डला का झोंबले?
३. कठोर बोलणारे सारेच शत्रू नसतात, हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.