धंदा घरातून, हिशेब वेगळा

‘आई, मी नोकरी शोधत नाहीये. जुनं फर्निचर घेऊन, नीट करून विकणार आहे. सुरुवात घरातूनच.’ मुलानं किंवा मुलीनं असं सांगितलं की बहुतेक घरांत दोहोंपैकी एक घडतं. बाबा विचारतात, ‘इंजिनीअर केलं ते खुर्च्या विकायला?’ नाहीतर आईबाबांना मुलाची इतकी माया येते की ठेव मोडून पाच लाख त्याच्या हातात ठेवले जातात. आईबाबांनो, मला दोन्हींबद्दल तुमच्याशी बोलायचंय. टोमण्यानं मूल दुखावतं, पण त्या पाच लाखांनी धंदाच बसतो.

आधी तुमच्या मनातली शंका. यात काही मिळतं का? पुण्यासारख्या शहरात दर जूनमध्ये हजारो मुलं शिकायला येतात. त्यांना टेबल, खुर्ची, पलंग, पुस्तकांची मांडणी लागते आणि दोन-तीन वर्षांनी ते सगळं नको असतं. एप्रिल-मेमध्ये बदल्या होतात. महिनाअखेरीला फ्लॅट रिकामा करून द्यायचा असतो, आणि अशा घाईत चांगलं कपाट मातीमोल जातं. घेणारा आणि देणारा एकाच शहरात असतात, पण त्यांची गाठ पडत नाही. ती गाठ घालून देणं हाच हा धंदा. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, पुण्यात जुन्या बाजारात कितीतरी कुटुंबांनी यावर संसार उभे केले आहेत. यात कमीपणा कसला?

माझी भाची हेच करते. तिच्याबरोबर एकदा एक कपाट बघायला गेले होते. वरून अगदी झकास, सनमायका लखलखीत. तिनं दार उघडून बघितलंच नाही. आधी खाली बसली आणि पायांजवळच्या फरशीवरून बोट फिरवलं. बोटाला पिठासारखा भुसा लागला, म्हणजे लाकडाला भुंगा लागलेला. मग ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा केला. मागची फळी पार्टिकल बोर्डाची, ओल पिऊन फुगलेली. मालक ‘सागवान आहे’ म्हणत होते, आणि दर्शनी पट्ट्या खरोखरच सागवानी होत्या. तिनं हात जोडून नको म्हणून सांगितलं. घरी येताना म्हणाली, ‘मावशी, हा माल घेतला असता तर माझ्या खोलीतल्या बाकीच्या मालालाही भुंगा लागला असता.’ हे शहाणपण कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. चार कपाटं फसल्यावर येतं. म्हणूनच म्हणते, त्या पहिल्या चार कपाटांची किंमत लहान असली पाहिजे. हातात पाच लाख असले की मूल एकदम चाळीस नग उचलतं, आणि पावसाळ्यात ते चाळीसही फुगतात.

थोड्या पैशांत सुरुवात कशी होते याचं एक उदाहरण म्हणजे आयकिया या फर्निचर कंपनीचा संस्थापक इंग्वार काम्प्राड. स्वीडनच्या एका खेड्यातल्या शेतावर वाढलेला. १९४३मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी त्यानं धंदा सुरू केला. अभ्यास बरा केला म्हणून वडिलांनी थोडे पैसे बक्षीस दिले होते, तेच त्याचं भांडवल. सुरुवातीला पेनं, पाकिटं, तसबिरींच्या चौकटी असला किरकोळ माल विकला. फर्निचर आलं १९४८मध्ये, तेही आसपासच्या कारागिरांनी केलेलं. आज नवी मुंबईत तुर्भ्याला त्याच कंपनीचं प्रचंड दुकान आहे. प्रत्येकाचं तसं होत नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. मला त्या वडिलांचं कौतुक वाटतं. त्यांनी दिलं ते बुडालं असतं तरी घर हललं नसतं. तुम्हीही तेवढंच द्या. प्रॉव्हिडंट फंड आणि म्हातारपणाची ठेव यांना हात लावू नका. जास्त लागलं तर मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज विनातारण मिळतं. मुलाला स्वतः बँकेत जाऊ द्या, मॅनेजरच्या प्रश्नांची उत्तरं देऊ द्या.

पैशापेक्षा मोठी गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे जागा. एक खोली, गच्चीवरची पत्र्याची शेड, बंगल्याचं गॅरेज. ती द्या, पण ठरवून द्या. कुठल्या भिंतीपर्यंत माल येईल, गिऱ्हाईक किती वाजेपर्यंत येईल, आजीच्या दुपारच्या झोपेच्या वेळी रंधा आणि सँडपेपर चालणार की नाही, हे पहिल्याच दिवशी बोला. सोसायटीत राहत असाल तर आधी लेखी परवानगी घ्या. जिन्यात आणि मोकळ्या वाटेत एक स्टूलसुद्धा ठेवू नका, आग लागली तर माणसं बाहेर पडणार कुठून? पॉलिश आणि थिनर घरात साठवायचं नाही, आणि स्वयंपाकघराजवळ तर मुळीच नाही. यात माया आड येऊ देऊ नका.

कागदपत्रांची भीती मात्र काढून टाका. उद्यम नोंदणी आधारवरून ऑनलाइन होते आणि फुकट होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. कामगार मोजकेच असले की महाराष्ट्रात दुकान कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात माल पाठवायचा झाला की गणित बदलतं, तेव्हा सीएला विचारावं.

आता हिशेब. रोज रात्री पाच मिनिटं मुलाजवळ बसा. ओरडायला नव्हे, ऐकायला. समजा, टेबल १,५०० रुपयांना घेतलं आणि ३,५०० ला विकलं. मूल आनंदानं सांगतं, ‘दोन हजार सुटले!’ मग शांतपणे विचारा : आणायचा टेंपो? पोचवायचा टेंपो? तिसऱ्या मजल्यावर चढवायची हमाली? पॉलिश, नवी बिजागरी, सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी? येण्या-जाण्याचे ९००, दुरुस्तीचे ७०० धरले तर उरले ४००. त्यासाठी टेबल महिनाभर खोली अडवून बसलं होतं. हे एकदा वहीत स्वतःच्या हातानं मांडलं की मूल आपोआप शिकतं : दोन टेबलं एकाच टेंपोत आणायची, पाय सुटे होणारा माल आधी घ्यायचा, लिफ्ट आहे का हे गिऱ्हाइकाला फोनवरच विचारायचं.

राहिले नातेवाईक. पहिली मागणी बहुधा त्यांच्याकडूनच येते. काका म्हणतात, ‘घरचंच आहे, बघू नंतर.’ काकूंना तेच कपाट खरेदीच्या भावात हवं असतं. मुलाला त्यांच्यापुढे तोंड उघडवत नाही. तिथे तुम्ही बोला. ‘भाऊजी, तिनं किंमत लिहून ठेवली आहे, आणि टेंपोचे वेगळे’ असं तुम्ही सरळ सांगितलंत की काकांना रागही येत नाही. तुमच्या घरी नवा शूरॅक हवा असेल, तर तोही मुलीकडून विकत घ्या, आणि पूर्ण पैसे देऊन पावती मागा.