काळजीच्या नावाखाली

अगं चिऊ, सोमवारी तू रजेवरून परत रुजू होतेयस ना, मग साहेब काय म्हणतील ते आत्ताच ऐकून ठेव. ‘बाळ लहान आहे, तुला कशाला दगदग? नाशिकचं काम समीर बघेल.’ आवाजात माया अगदी खरी असेल. तूही ‘थँक यू सर’ म्हणून मोकळी होशील, कारण रात्रभर जागरण झालेलं असतं आणि कुणी ओझं उचललं की बरंच वाटतं. मग मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म येईल. ‘वर्षभरात सांभाळलेले प्रोजेक्ट’ या रकान्यात समीर नाशिक लिहील. तू काय लिहिशील?

वाईट माणसाशी भांडता येतं गं. काळजीवाल्याशी भांडलं तर आपणच कृतघ्न ठरतो.

ही तऱ्हा जुनीच आहे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पूर्वी ३५ व्या वर्षी नोकरी सोडावी लागे (वरिष्ठांनी मनावर घेतलं तर थोडी मुदतवाढ). नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, किंवा कधीही पहिल्यांदा दिवस राहिले, तर त्याआधीच घरी. त्याच विमानात काम करणारे पुरुष मात्र ५८ पर्यंत! नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली, पण लग्नाची ठेवली. का, तर त्यानं मुलीची तब्येत चांगली राहते, तोवर तिला समज येते, संसार टिकतो! पुरुषांच्या संसाराची एवढी चिंता कुणी वाहिली नव्हती.

कायदा आता पुष्कळ पुढे आलाय. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. तू रजेवर असताना तुझं नुकसान होईल अशा रीतीनं नोकरीच्या अटी बदलता येत नाहीत. पण नाशिक काढून घेताना अट कुठे बदलतेय? पगार तोच, हुद्दा तोच. फक्त काम गेलं.

आणि त्या जागी काय येतं माहितीये? मीटिंगचं टिपण. वाढदिवसाची वर्गणी. दिवाळीची रांगोळी. ‘तुझं अक्षर छान आहे’ म्हणतात, आणि टिपण तर लॅपटॉपवर टाइप करायचं असतं! एकदा हो म्हटलंस की ते कायमचं गळ्यात. मी नव्या मुलींना सांगते, मीटिंगला वही उघडूच नका. कुणीतरी म्हणतंच, ‘मिनिट्स कोण लिहिणार?’ तेव्हा आपण हसून म्हणायचं, ‘मागच्या वेळी मी लिहिली, आज समीरची पाळी.’ पहिल्यांदा जड जातं. समीर मात्र लिहितो, आणि बरं लिहितो.

आता हे नीट ऐक. तुला खरोखरच दोन महिने प्रवास नको असेल तर बेलाशक नाही म्हण, त्यात कमीपणा काही नाही. फक्त ते तू म्हण, आणि किती दिवसांसाठी तेही सांग. नको नसेल, तर साहेबांनी विषय काढायच्या आत सोमवारी सकाळीच मेल टाक: ‘मी रुजू झाले आहे. नाशिकचं काम पूर्वीप्रमाणे माझ्याकडेच राहील असं धरून चालते. पुढच्या भेटीची तारीख कळवावी.’ तीन ओळी पुरेत. बाळाचा उल्लेख करू नकोस, आभारही नकोत. आणि समीरला सीसीत ठेव.