चर्चासत्राला जाताना पिशवीत काय न्यावं

बाग सोडून दोन-तीन दिवस पुण्यात कोण बसणार, असं म्हणालास. अरे, ऑगस्टात बागेत असतं काय? खरड छाटणी एप्रिलातच उरकलेली, काडी पिकत आलेली, गोडी छाटणीला अजून अवकाश. द्राक्ष बागायतदार संघाचं वार्षिक चर्चासत्र नेमकं या दिवसांत भरतं, ते उगाच नाही. तिथं ऐकलेलं महिनाभरात बागेत वापरून बघता येतं.

पण रिकाम्या हातानं जाऊ नकोस. माती, पाणी आणि पानदेठाचे अहवाल पिशवीत टाक. डाऊनीचा संशय असेल तर पानाचे फोटो दोन्ही बाजूंनी काढ. वरून तेलकट डाग दिसतो, खालून पांढरी बुरशी. नुसता वरचा फोटो दाखवलास तर तज्ज्ञ तरी काय सांगणार? आणि प्रश्न एकच ने, पण नेमका. ‘माल कमी का येतो’ असं विचारलंस तर उत्तरही तसंच मोघम मिळेल. ‘काडी जाड आहे, पाणी खारं आहे, डोळे तपासले तर घड चौथ्या-पाचव्या डोळ्यावर दिसतात, मग छाटणी कुठं घेऊ?’ असं विचार, म्हणजे समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो.

भाषण चालू असताना पडद्याचे फोटो काढत बसणारे खूप असतात. घरी आल्यावर ते कोणी उघडत नाही. तू वही घे. औषधाचं नाव लिहिलंस की शेजारी लिटरला मात्रा, छाटणीनंतरचा दिवस आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, हे लिहायचंच. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. क्लोरमेक्वाट म्हणजेच आपलं सीसीसी, ते शेंडा रोखायला कित्येक बागांत सर्रास वापरलं जायचं. तेव्हापासून अंशांवरचं भाषण मी कधी चुकवलं नाही, मग ते जेवणानंतरच्या पेंगेच्या वेळी का असेना.

खरी कमाई मात्र चहाच्या रांगेत. तिथं बागलाणचा माणूस भेटेल. त्याची छाटणी आपल्या कितीतरी आधी होते, म्हणजे पावसातला रोग तो आपल्याआधी अंगावर घेतो. तासगावचा भेटेल, त्याला बेदाण्याचं विचार. आणि एकरी किती टन निघाले हे विचारू नकोस, सगळे वाढवूनच सांगतात! यंदा काय फसलं, ते विचार. एवढं विचारलं की माणूस मोकळा होतो. नंबर घेतलास तर त्याच्यासमोर गावाचं नाव आणि बागेचा वाण लिहून ठेव, आणि घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत एकदा फोन कर. उशीर झाला की तोही विसरतो, तूही.

स्टॉलवर पिशवी, पेन, टोपी काय मिळेल ते खुशाल घे, पण बुकिंग तिथं करू नकोस. बाटलीवर द्राक्षासाठी लेबल क्लेम आहे का ते बघ. निर्यात करायची तर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या परिशिष्ट 5 मध्ये ते नाव आहे का, हेही बघ. नसेल तर विक्रेता कितीही गोड बोलो, राम राम करून पुढं हो. आवडलेला नवा प्रयोगही आधी एखाद-दुसऱ्या ओळीवरच. अख्खी बाग त्याला देऊ नये.

अजून एक. विरळणीच्या वेळी बायकांच्या टोळीवर लक्ष सूनबाई ठेवते, घडात किती मणी राखायचे ते तिला ठाऊक, आणि चर्चासत्राला जाणार तू एकटा? ती वेगळे प्रश्न विचारेल, बघशील तू. हॉलमध्ये अजून पुरुषच जास्त दिसतात, आणि हे मला तरी पटत नाही. तेव्हा यंदा नाव नोंदवताना दोघांचं नोंदव. बागेला पाणी मी देईन.