तुरुंगाच्या दवाखान्यात रुजू होण्याआधी

चि. निखिल यास,


मध्यवर्ती कारागृहाच्या दवाखान्यात अकरा महिन्यांच्या करारावर नर्सची जागा निघाली आहे, दरमहा वीस हजार, ती धरू की सोडू असं तू विचारलंयस. वहिनी म्हणते कैद्यांत नको. दादा म्हणतो सरकारी ठिकाण आहे, आज ना उद्या कायम होईल. मी आधी सिव्हिल हॉस्पिटलच्या कैदी वॉर्डात आणि नंतर प्रतिनियुक्तीवर जेलच्या दवाखान्यात काम केलं, म्हणून माझं मत मागितलंस. फोनवर हे नीट सांगून होणार नाही. माझं मत असं की काम धर, पण पहिल्या दिवसापासून हातात वही ठेव. या पत्रात मुख्य सांगायचं आहे ते वहीचंच.

वहिनीला म्हणावं, कैदी सहसा नर्सच्या वाटेला जात नाहीत. ज्याच्या हातून गोळी मिळते, ज्याला दुखणं सांगता येतं, त्या ब्रदरला बराकीत मान असतो. ताण येतो तो गर्दीचा आणि कुलपाचा.

देशभरातल्या तुरुंगांत २०२२ अखेर ५,७३,२२० माणसं होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. मुंबईच्या आर्थर रोडची मूळ क्षमता ८०४, आणि आत तीन हजारांच्या आसपास माणसं, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. देशातल्या दर चार कैद्यांत तीन कच्चे, म्हणजे खटला न संपलेले. हे तुला का सांगते? पक्का कैदी एका जागी राहतो, त्याचं बीपी, त्याची साखर तुला पाठ होते. कच्चे कैदी रोज येतात-जातात. कोर्ट सुटलं की संध्याकाळी गाड्या लागतात आणि नव्या आलेल्या प्रत्येकाला तपासायचं असतं. खोकला किती दिवसांचा, अंगावर खरूज आहे का, घरी कोणत्या गोळ्या चालू होत्या, जीव द्यावासा वाटतो का, दारू शेवटची कधी घेतली. दारूचा प्रश्न कधीच सोडू नकोस. रोज पिणारा माणूस आत आला की दोन-तीन दिवसांत हात कापू लागतात, भास होतात, फिट येते, आणि आजूबाजूच्यांना वाटतं हा नाटक करतोय. दर तीनशे कैद्यांमागे एक डॉक्टर हे २०१६च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलचं प्रमाण आहे. जिथे तेवढे डॉक्टर नसतात, तिथे ती सगळी तूट नर्सच्या अंगावर येते.

कुलपाचं कळायला मधुमेहाचा रुग्ण घे. तुरुंगात रात्रीचं जेवण संध्याकाळीच वाटतात, मग मोजणी होते आणि सूर्य मावळायच्या सुमाराला बराकी बंद होतात, त्या सकाळपर्यंत. वॉर्डात आपण इन्सुलिन दिलं की ताट समोर येतं आणि रात्री पुन्हा साखर बघता येते. इथे तू सुई टोचलीस आणि त्याने भाकरी रात्री भूक लागेल म्हणून झाकून ठेवली, तर कुलपाआड तो घामाघूम होऊन पडेल. शिपायाला हाक ऐकू जायची, त्याने निरोप द्यायचा, किल्ली यायची, मग तू पोचणार. म्हणून पहिला घास तोंडात गेलेला बघितल्याशिवाय तिथून हलू नकोस. त्याच्या उशाशी साखरेची पुडी राहू द्यावी, याची लेखी परवानगी आधीच काढून ठेव. या सगळ्याला लागणारा वेळ खाटांवरून नर्स मोजण्याच्या हिशोबात कुठेच धरलेला नसतो.

म्हाताऱ्यांचंही तसंच. फादर स्टॅन स्वामी तळोजा कारागृहात होते तेव्हा ८३ वर्षांचे होते. पार्किन्सनने हात कापायचे, पेला धरता येत नव्हता. सिपर मिळावा म्हणून २०२०च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. जामिनाची वाट बघत ५ जुलै २०२१ रोजी ते रुग्णालयातच वारले. त्यांच्यावरच्या खटल्याबद्दल कुणाचं काहीही मत असो, ज्याला पेला धरता येत नाही त्याला पाणी पाजणं हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो. ते करायला माणूस नेमलेला हवा, आणि माणूस नेमायचा तर त्या कामाला वेळ लागतो हे कागदावर यायला हवं.

म्हणून वही. दवाखान्याच्या रजिस्टरखेरीज स्वतःची एक ठेव. तारीख, पाळी, नवे किती तपासले, इंजेक्शनं किती, ड्रेसिंग किती, टीबीच्या किती जणांना समोर गोळी गिळायला लावली, किती जणांना सिव्हिलला न्यायचं होतं आणि पोलीस गार्ड न मिळाल्यामुळे त्यातले किती राहिले. कैद्यांची नावं त्यात अजिबात नकोत, फक्त आकडे. ‘खूप लोड आहे’ या वाक्याची फाइल होत नाही. महिन्याच्या शेवटी आकड्यांचा तक्ता वैद्यकीय अधिकाऱ्यांना दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे.

दुसरी नोंद जास्त जोखमीची आहे. नव्या कैद्याच्या अंगावरच्या जखमा आणि खुणा लिहून ठेवायच्या, हे १८९४च्या तुरुंग कायद्याचं २४वं कलमच सांगत आलंय. कुणीतरी हळूच म्हणेल, ‘ब्रदर, जुनी जखम लिहून टाका.’ तू जागा, रंग आणि माप लिही. डाव्या मांडीवर मागे, निळसर लाल, आठ बाय दोन सेंटिमीटर. जुनी की नवी हा निवाडा डॉक्टरांचा. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात मंजुळा शेट्ये या कैदी महिलेचा मृत्यू झाला आणि मारहाणीच्या आरोपावरून तिथल्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. अशा प्रकरणात अंगावर काय दिसलं आणि ते कुणी, कधी लिहिलं, याला फार मोल येतं. उपचाराचा निर्णय आरोग्य कर्मचाऱ्यांचाच, तुरुंगाच्या बाकी कर्मचाऱ्यांनी तो डावलू नये, असं संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांत लिहिलंय. झडतीला, पहाऱ्याला, मोजणीला उभा राहू नकोस. एकदा उभा राहिलास की कैदी तुला दुखणं सांगायचे थांबतील.

आता पैशांचं, आणि हे बोलायला संकोच करू नकोस. आपल्या राज्यात कायम अधिपरिचारिकेचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडे. केंद्राच्या रुग्णालयात तेच ४४,९००. तुला मिळणार सरसकट वीस हजार. खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगारासाठी २०१६ मध्ये केंद्राने समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या लहान दवाखान्यानेही वीस हजारांच्या खाली जाऊ नये, अशी तिची शिफारस होती. एवढ्या वर्षांनंतर त्याच तळाच्या आकड्यावर सरकारनेच नर्स नेमावी, आणि तीही तुरुंगात, याचा मला संताप येतो. ‘सेवा आहे, पैशांकडे काय बघायचं’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. थकलेल्या, दोन पाळ्या ओढणाऱ्या नर्सच्या हातून चुकीची गोळी गेली तर ती त्या कैद्याच्याच पोटात जाते.

दादाचा हिशोब मात्र मला पटत नाही. कराराची नोकरी आपोआप कायम होत नाही. उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच तसा हक्क नाही असं सांगितलंय. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात, तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला नियमित वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळायला हवं, असंही म्हटलं. ‘तेच काम’ हे सिद्ध करायचं असतं ते नेमणुकीचा आदेश, हजेरी आणि तुझी वही यांच्या जोरावर. बाहेरच्या एजन्सीमार्फत भरती नको म्हणून राज्यातल्या परिचारिकांनी २०२२च्या मेअखेरीस संप केला होता. त्यांच्या संघटनेतल्या कुणाला तरी जाऊन भेट. वर्ष-दोन वर्षं मन लावून काम कर, आणि सरळसेवेचा अभ्यास एकही महिना सोडू नकोस.

सही करण्याआधी विचारून घे: आदेश कोणाच्या सहीचा, सरकारचा की एजन्सीचा; पीएफ कापणार का; साप्ताहिक सुट्टीला बदली कोण; सुई टोचली गेली तर औषध कुठे आणि खर्च कुणाचा. कॉलेजात घेतलेल्या हेपॅटायटिस बीच्या तिन्ही डोसांचा कागद शोधून ठेव, सापडला नाही तर अँटीबॉडीची तपासणी या आठवड्यातच करून घे. छातीचा एक्स-रेही आत्ताच काढ, म्हणजे उद्या टीबी झाला तर तो कामावर झाला हे दाखवता येईल. कराराचा मसुदा हाती आला की सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. मी वाचते, मग सही कर.

तुझी,
सुमनआत्या