मुळशीला वही घेऊन निघालीस, तर

अगं बाळा, निसर्गाची चित्रवही धरतेयस हे ऐकून फार बरं वाटलं. सामान मात्र पोतंभर घेतलंयस म्हणे! त्यातलं अर्धं घरी ठेव आणि हे एवढं बरोबर ने. चित्र सुरेख यायची घाई करू नकोस. तुला एका जागी थांबवून नीट बघायला लावलं, की वहीचं काम झालं.

१. चित्राला हात लावण्याआधी पानावर तारीख, वेळ, जागा आणि स्वतःचं नाव लिही — आपली मुळा नदी खाली जिथं पवनेला भेटते, त्या दापोडीला इंग्रजांच्या काळी सरकारी वनस्पती-बाग होती. ती बाग सांभाळणाऱ्या अलेक्झांडर गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात तिथं एका चित्रकाराकडून झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत, त्यांच्यावर ग्रंथही निघालाय; पण काढणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं.

२. जागा म्हणून नुसतं ‘मुळशी धरण’ लिहू नकोस, वाडीचं नाव लिही, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे तेही लिही — धरणाचा काठ लांबच लांब आहे, पुढच्या वर्षी तुला स्वतःलाच ते झाड सापडायचं नाही.

३. रानात फक्त शिसपेन्सिल — ताम्हिणी घाटातल्या जुलैत जलरंग वाळत नाहीत आणि पेनाची शाई एका सरीत पसरते. शिसं तेवढं ओल्या हवेत तग धरतं. रंग बाण काढून शब्दांत लिही: शेवाळी, विटकरी, पिकल्या लिंबाचा. रंगकाम त्याच संध्याकाळी घरी उरक. रात्र गेली की रंग गेला.

४. तुझी वीत किती सेंटिमीटर आणि करंगळीचं पेर किती, हे एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव — पट्टी हमखास घरी राहते.

५. झाडाचं नाव लगेच विचारू नकोस, नाव कळलं की नजर निजते. आधी पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा दातेरी की सलग, साल गुळगुळीत की भेगाळलेली, एवढं उतरव.

६. कळलावी मात्र सावकाश, अख्खी सकाळ देऊन काढ. गौरी-गणपतीच्या सुमाराला कुंपणावर, झुडपांत चढलेली दिसेल. गौरीचे हात म्हणतात ते हेच फूल. न बघता काढलीस तर पाकळ्या समोर पसरलेल्या काढशील. त्या सहाही पाकळ्या उलट मागे वळलेल्या असतात, कडांना लाटा असतात, बुडाशी पिवळ्या नि टोकाला लाल. सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले, आणि मधली कुक्षीवृंताची काडी जवळजवळ काटकोनात एका अंगाला मोडलेली. आता पान बघ. त्याचं टोकच लांब होऊन वेटोळं घालतं आणि शेजारच्या काटकीला धरतं. हे वेटोळं चित्रात चुकवू नकोस — वेल वर चढतो तो त्याच्याच जोरावर. आणि कंद उकरायचा नाही, तोंडात तर काहीच घालायचं नाही. झाड मुळापासून विषारी आहे.

७. देवराईत पडलेलं पानसुद्धा खिशात घालू नकोस, तिथंच बसून काढ — देवाच्या रानातलं न्यायचं नाही, या एका धाकावर ही झाडं आजवर उभी आहेत. आत जाण्याआधी गावात कुणाला तरी विचार.

८. गुरं राखणाऱ्या आजीने सांगितलेलं नाव ती म्हणेल तस्सं लिही, पुस्तकातलं नंतर शेजारी मांड — वाडी बदलली की नाव बदलतं, आणि तिचं नाव बहुतेक कुठल्या पुस्तकात नसतं.

९. एक झाड आणि एक ओढा आपला म्हणून धर, महिन्याच्या महिन्याला तिथंच जा. नवं ठिकाण गाठायचा मोह होईल. होऊ दे, पण हे सोडू नकोस. पांगारा फुलतो तेव्हा त्याच्यावर पान नसतं, हे वाचून कळतं. पण शेवटचं पान कधी गळलं नि पहिली कळी कधी लाल झाली, ते तुझ्याच वहीत असेल. कारवीचं तर विचारूच नकोस. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते — तारखेसकट काढून ठेवलीस, तर पुढच्या फुलोऱ्याला ताडून बघायला तुझंच पान हाताशी येईल.

१०. पाखरू उडून गेलं म्हणून पान फाडू नकोस. अर्धवट राहू दे, शेजारी दुसरं सुरू कर — बसण्याचा कल आणि चोचीची लांबी तेवढी आली, तरी ओळख पटते. ओढ्याकाठचा शीळकरी कस्तूर दिसला नाही, तर त्याच्या शिळेची नुसती वरखाली जाणारी रेघ काढ.

११. घरट्यापाशी बसून चित्र नको — तू उठून गेल्यावर अंड्या-पिल्लांसाठी तिथं कावळा येतो.

१२. बसण्याआधी काठी आपट आणि मान वर करून फांदीही बघ — चापडा साप हिरव्या काटकीवर हिरवा होऊन बसलेला असतो.

१३. वही प्लास्टिकच्या पिशवीत ने, पण घरी आल्यावर पिशवीत ठेवू नकोस; पानं सुटी करून रात्रभर पंख्याखाली ठेव — पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते, आणि ती नेमकी रंगवलेल्या पानांपासून सुरू होते.